फेरीतून किनारा बघतानाचे अनुभव सांगा

परवा दाभोळ-धोपावे फेरीत गाडी चढवली, रेलिंगला टेकले, डिझेल आणि खाऱ्या वाऱ्याचा तो वास आला आणि एकदम सालेर्नो आठवलं. २०१८ ला आईबाबांना घेऊन इटलीला गेलो होतो. बाबांना घाट लागतो म्हणून अमाल्फीचा रस्ता बाद, सगळं फेरीने. सालेर्नो ते अमाल्फी साधारण ३५ मिनिटं, पुढे पोझितानो अजून २५. जाताना उजवीकडे बसा, किनारा त्या हाताला असतो. डोंगर थेट समुद्रात उतरलेला आणि त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी लिंबाच्या बागा, वर काळ्या जाळ्या. आई बराच वेळ गप्प, मग म्हणाली एवढ्या उंचावर पाणी कसं चढवत असतील गं? बाबांनी तिकीट मुठीत इतकं घट्ट धरलेलं की उतरताना त्याचा लगदा झाला होता. आता बाबा नाहीत. तुमचेही अनुभव लिहा ना.

—

ताई, तिकिटाचं वाचून गलबलून आलं.

—

आमची परतीची फेरीच रद्द झाली! ऑक्टोबर, पोझितानो, ऊन लख्ख पण समुद्राला फुगवटा, धक्क्याला बोटच लागेना. मग बसच्या रांगेत दोन तास, आलेल्या दोन बस आधीच भरलेल्या, तशाच पुढे गेल्या, लेकरू कडेवर झोपलेलं. शेवटची फेरी धरून प्लॅन करू नका कुणी, कळकळीने सांगते.

—

उलटीवाल्यांनी काय केलं ते सांगा आधी 😀

—

आलेपाक. आणि खाली बंद केबिनमध्ये न बसता बाहेर, मागच्या बाजूला, नजर क्षितिजावर. माझ्या सासूबाईंना याचाच उपयोग झाला.

—

आम्ही इटलीतच उत्तरेला चिंक्वे तेर्रेला, म्हणजे किनाऱ्यावरच्या पाच गावांना, जायला ला स्पेझिया बंदरातून बोट घेतली. गावं पाच पण बोट चारच ठिकाणी थांबते, कोर्निलिया वर कड्यावर आहे, तिला धक्काच नाही. बाकी गावांत बोटीचं नाक खडकाला आणतात, चाकांची फळी टाकतात, लाट आली की फळी पुढेमागे सरकते आणि खलाशी दंडाला धरून बरोबर त्या क्षणी आपल्याला उतरवतो. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला व्हेर्नात्झाच्या रंगीत घरांपेक्षा तो खलाशी जास्त लक्षात आहे.

—

लिंबांबद्दल कुणीच बोलेना? अमाल्फीत दोन प्रकार, लांबट पिवळं ते तिथलं खास लिंबू, आणि ते नारळाएवढं जाड सालीचं दिसतं ते लिंबूच नव्हे, आपलं महाळुंग! चकत्या करून मीठ लावून देतात, पांढरा गर गोडसर लागतो. मला आजीच्या परसातलं झाड आठवलं.

—

महाळुंगाचं लोणचं कसं करतात?? इकडे बाजारात मिळालंय, पडून आहे.

—

साल जाड ठेवून फोडी, मीठ-हळद लावून चार दिवस मुरू दे, मग नेहमीचा मसाला. व्यनि (खासगी निरोप) करते.

—

सालेर्नो-अमाल्फीच्या मधे चेतारा लागतं तिथे उतरा, मासेखाऊंनी तर नक्कीच. आपल्या मांदेलीच्या जातकुळीतला छोटा मासा मिठात लाकडी पिंपात मुरवून त्यातून थेंबथेंब रस काढतात, तो नुसत्या पास्त्यावर. पहिल्या घासाला दचकलो, तिसऱ्याला ताट पुसलं.

—

आम्ही डिसेंबरात जातोय, फेरी असते का?

—

या किनाऱ्यावरच्या साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. नेपल्स-काप्री मात्र वर्षभर.

—

धोपावेला गाडीचे किती घेतात हल्ली? गुहागरला जायचंय.

—

धागाकर्ती, आईंना सांगा पाणी चढवत नाहीत, उतरवतात. वर लात्तारीचे डोंगर, तिथले झरे. पाणी टाक्यांत साठवून वाफ्यावाफ्याने खाली सोडायची जुनी पद्धत आहे.

—

वाचून दाखवलं आत्ता आईला. "म्हणजे आपल्या आगरासारखंच, पाटाचं पाणी," म्हणाली, आणि बाबांना हे सांगायला हवं होतं. लोणच्याची कृती मलाही पाठवा, तिला करायचंय.