जागा वाढल्या म्हणजे विभाग वाढला असं नाही

पदव्युत्तरच्या जागा दुप्पट केल्या की विद्यापीठातला विभाग आपोआप मोठा होईल, असं म्हणणारे भेटतात. एम.ए., एम.एस्सी.च्या तासिकांपुरतं ते एकवेळ चालेल. ४० ऐवजी ८० बसले तरी वर्गात शिकवता येतं (प्रयोगशाळा असेल तर तेही अवघडच). पीएच.डी.चं गणित मात्र वेगळं. तिथे खुर्च्या कमी पडत नाहीत, मार्गदर्शकाचा वेळ कमी पडतो. एकाच प्राध्यापकाच्या गळ्यात दहा जण मारले की प्रबंधाच्या प्रकरणाचा कच्चा मसुदा महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहतो. शिष्यवृत्तीची मुदत त्यासाठी थांबत नाही. मग विद्यार्थी नोकरी धरतो आणि प्रबंध अर्धवट राहतो. प्रवेशाचा आकडा सगळे मिरवतात, गळतीचा कुणी विचारतही नाही.

याउलट, १८७६ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा पहिले अध्यक्ष डॅनियल गिलमन यांनी इमारतींआधी माणसांवर पैसा खर्च केला. नावाजलेले प्राध्यापक आणले आणि वर्षाला ५०० डॉलरच्या २० फेलोशिप (संशोधनासाठीच्या शिष्यवृत्त्या) ठेवल्या. संशोधक विद्यार्थी त्या बळावर आले.

म्हणून नवा अभ्यासक्रम काढण्याआधी मी तीनच गोष्टी विचारेन: मार्गदर्शक किती, निधी किती वर्षांचा, आणि जुन्या तुकडीतल्या किती जणांनी प्रबंध सादर केला? जाहिरात, माहितीपत्रक वगैरे नंतर. आणि हो, कार्यालयात फायली हलवणारा एक जाणता माणूस हवाच. तो रजेवर गेला की मौखिक परीक्षेची तारीखही पुढे जाते.