प्रवास कमी झाला की विखुरला?

'घरून काम सुरू झालं आणि प्रवासच संपला' असं अनेकदा म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. ऑफिसच्या फेऱ्या घटल्या, खरं आहे. पण पूर्वी मी घरी परतताना वाटेतच भाजी, औषधं, बँक उरकायचो. एका फेरीत चार कामं. आता त्याच कामांसाठी घरातून वेगळं निघावं लागतं, तेही भरदुपारी. अंतर कमी, फेऱ्या मात्र वाढल्या. (पायी जातो, एवढं आपलं समाधान.)

घरून कामाच्या चर्चेत पासाचा मुद्दा कुणी काढलेला दिसला नाही. महिन्याचा पास रोज जाणाऱ्याला परवडतो, आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याला नाही. ब्रिटनच्या रेल्वेने म्हणूनच जून २०२१ मध्ये २८ दिवसांत कोणतेही ८ दिवस प्रवास करता येईल असा पास काढला. पण त्याने गर्दीचा प्रश्न सुटत नाही. सगळे मंगळवार ते गुरुवारच ऑफिसला जाणार असतील, तर गाड्या आणि चालक त्या तीन दिवसांच्या हिशेबानेच ठेवावे लागतात. सोमवारी आणि शुक्रवारी गाड्या रिकाम्या धावल्या तरी खर्च तेवढाच.