पाण्यात सोन्याचे नॅनोकण: अल्कोहोल संपलं, पण माल निम्माच मिळतो

एमएस्सी_भाग२_सोलापूर
नमस्कार. पीव्हीपी (कण एकमेकांना चिकटू न देणारं पॉलिमर) लावलेले सोन्याचे नॅनोकण वापरून पाण्यात बेन्झिल अल्कोहोलचं ऑक्सिडेशन करून बेन्झाल्डिहाइड बनवतेय. पोटॅशियम कार्बोनेट, वर ऑक्सिजनचा फुगा, खोलीच्या तापमानाला रात्रभर ढवळणं. सकाळी टीएलसीवर (कोणते पदार्थ उरलेत ते ठिपक्यांनी दाखवणारी पट्टी) अल्कोहोलचा ठिपका जवळपास गायब, बेन्झाल्डिहाइडचा बदामासारखा वासही येतो. पण इथिल अ‍ॅसिटेटने काढून रोटरीवर (सॉल्व्हंट उडवायचं यंत्र) आटवलं की निम्माही माल हाती लागत नाही. गाइड म्हणतात उडून गेला असेल. बेन्झाल्डिहाइड १७८ अंशांना उकळतं, एवढं उडेल का? शिवाय तपकिरी द्रावण वाइनसारखं लाल झालंय.

चिपळूणचा_केमिस्ट
पाण्याचा थर ओतून टाकला नाहीस ना? माल तिथेच बसलाय. अल्डिहाइडवर गाडी थांबत नाही, पुढे बेन्झोइक अ‍ॅसिड होतं आणि कार्बोनेटमुळे त्याचं पोटॅशियम बेन्झोएट, म्हणजे पाण्यात विरघळणारं मीठ. ते इथिल अ‍ॅसिटेटमध्ये कशाला येईल? आधी अल्कलीतच एक्स्ट्रॅक्ट कर, अल्डिहाइड आणि उरलेलं अल्कोहोल निघेल. मग पाण्याच्या थरात हायड्रोक्लोरिक घालून पीएच २ वर आण. हळूहळू घाल बाई, कार्बोनेट आहे, फेस वर येतो.

लाल रंग म्हणजे कण मोठे झाले. दोन नॅनोमीटरच्या आतले कण तपकिरी दिसतात. वाढले की ५२० नॅनोमीटरच्या आसपास शोषण दिसतं. २००५ मध्ये जपानमधल्या त्सुकुदांच्या गटाने १.३ आणि ९.५ नॅनोमीटरचे कण पाण्यात ताडून पाहिले होते, लहानांनीच काम केलं. कण बनवताना बोरोहायड्राइड (सोन्याच्या क्षाराचं सोनं करणारं रसायन) बर्फात गार करून एकदम ओत, थेंब थेंब नको. आणि सोन्याशिवाय एक ब्लँक, म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून तुलनेची रिअ‍ॅक्शन लाव, व्हायव्हाला पहिला प्रश्न तोच येतो.

रोटरीवाला
पाण्यात करायचं, मग लिटरभर इथिल अ‍ॅसिटेटने काढायचं. याला हरित रसायनशास्त्र म्हणतात, पण यात हरित काय?

चिपळूणचा_केमिस्ट
बरोबर बोललास, पेपरच्या प्रस्तावनेत हे कोणी लिहीत नाही. पण क्रोमियमच्या ऑक्सिडेशनचा गाळ मी प्लांटवर पाहिलाय. शेवटी सगळं बाटलीहिरवं आणि चिकट होतं, फिल्टर प्रेसचं कापड धुणारा माणूस शिव्या घालतो. इथे तो धातूचा गाळ नाही, ऑक्सिजन हवेतला. आम्ल काढायचं असेल तर पुष्कळसं नुसतं गाळूनही मिळतं, सॉल्व्हंट कमी लागतो. खरी अडचण कणांची आहे. आम्ल घातल्यावर ते परत वापरायच्या लायकीचे राहतीलच असं नाही. त्यासाठी सोनं कार्बनवर बसवलेलं बरं, तेवढं गाळून आधी बाजूला काढता येतं. प्राती आणि रोसी यांनी १९९८ मध्येच डायॉलवर (दोन ओएच गट असलेलं अल्कोहोल) ते करून दाखवलंय.

एमएस्सी_भाग२_सोलापूर
सर, पीएच २ ला पांढरे स्फटिक खाली बसले! वितळणबिंदू १२१-१२२, म्हणजे बेन्झोइक अ‍ॅसिडच. आता गाइड विचारतात, अल्डिहाइडवरच थांबवता येईल का?

चिपळूणचा_केमिस्ट
पाणी आणि अल्कली दोन्ही ठेवून अवघड आहे. अल्डिहाइडला पाणी जोडलं जातं आणि तेच पुढे ऑक्सिडाइज होतं. २०१० मध्ये व्हर्जिनियातल्या गटाने खुणेचा (ओळखता येणाऱ्या जड समस्थानिकाचा) ऑक्सिजन वापरून दाखवलं की आम्लातला जादा ऑक्सिजन पाण्यातून येतो. फुग्यातला फक्त इलेक्ट्रॉन उचलून नेतो. अल्डिहाइडच हवं असेल तर हचिंग्ज यांचं २००६ चं काम वाच, टायटॅनियावर (टायटॅनियम डायऑक्साइड) बसवलेलं सोनं-पॅलेडियम, सॉल्व्हंटशिवाय. गाइडना सांग, पाण्यात करायचं तर शीर्षकात बेन्झोइक अ‍ॅसिड लिहा.