नाशिकमधला द्वारका ते बिटको बोगदा : निवेदनाआधी थोडं बोलू (सोसायटीतली चर्चा, नावांऐवजी फ्लॅट क्रमांक)

ए-402 : द्वारका ते बिटको उड्डाणपुलाची चर्चा किती वर्षं ऐकायची? त्यापेक्षा सरळ खालून बोगदा काढा. दुकानं वाचतील, झाडं वाचतील. समृद्धी महामार्गावर इगतपुरीला जमलं, मग इथे का नाही? तसं निवेदन देऊ, सगळे सह्या करा.

सी-103 : काका, दुकानं वाचतील हे अगदी खरं. पण इगतपुरीला डोंगर होता, सुरुंग लावून जवळपास 8 किमी फोडत गेले. काठे गल्लीत घरांखाली सुरुंग लावता येणार नाहीत. तिथे टीबीएम, म्हणजे बोगदा कोरणारं अजस्र यंत्र लागणार, आणि ते आत उतरवायलाच मोठी मोकळी जागा हवी. शिवाय नासर्डी नदी आडवी येते. तिच्या पात्राच्या बरंच खाली जायचं म्हणजे दोन्ही तोंडांचे उतार लांबणार. ते बसवायचे कुठे?

बी-201 : आणि पैसे?

सी-103 : तिथंच घोडं अडतं. मुंबईतला ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह हा बोगद्याचा रस्ता साधारण 9 किमी, खर्च सात-आठ हजार कोटींच्या घरात. त्यामागे एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगराचं विकास प्राधिकरण आहे. कोस्टल रोड मुंबई महापालिकेने स्वतःच्या तिजोरीतून केला. आपल्या महापालिकेची ती ऐपत नाही. म्हणजे राज्य, केंद्र नाहीतर कर्ज. कर्ज काढलं की टोल आला. समृद्धीवर लांबचा प्रवासी टोल भरतो, इथे रोज जाणारे आपणच. आणि कोस्टल रोडवर दुचाकीला बंदी आहे. इथेही तसंच झालं, तर उपनगरच्या सिग्नलला उभ्या असलेल्या निम्म्या गाड्या वरच राहतील.

डी-502 : द्वारकेचा पादचारी भुयारी मार्ग आठवतोय ना? अंधार, घाण, कोणी उतरायलाच तयार नाही. लोक जीव मुठीत धरून वरूनच रस्ता ओलांडायचे. बोगद्यात तर पंखे, दिवे, पाण्याचे पंप दिवसरात्र चालवावे लागतात. तो खर्च कोण करणार, हे आधी लिहून घ्या. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

ए-402 : मग निवेदन द्यायचंच नाही?

सी-103 : द्यायचं काका, नक्की द्यायचं. फक्त मागणी बदलू. पूल आणि बोगदा, दोन्हींचा खर्च पुढच्या तीस वर्षांच्या देखभालीसकट लोकांसमोर मांडा आणि कर्ज कोण फेडणार ते सांगा. 2027 च्या सिंहस्थापर्यंत बोगदा काही होत नाही, तोवर दत्तमंदिर सिग्नलपर्यंत बस वाढवा.

बी-201 : रविवारी दहाला ऑफिसात बसू. काका, मसुदा तुम्हीच आणा. आकडे मी बघतो.