पुढचा डावा टायर फक्त आतून झिजतोय, अलाइनमेंट करूनही थांबत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या घरच्या गाडीचा पुढचा डावा टायर आतल्या कडेने झपाट्याने झिजतोय. बाहेरून बघितलं तर टायर अगदी चांगला दिसतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून आतली बाजू पाहिली तेव्हा कळलं की तिथली नक्षी जवळजवळ संपली आहे. अलाइनमेंट करून घेतलं, नंतर दुसरीकडे जाऊन पुन्हा करून घेतलं, तरी झीज चालूच. गॅरेजमध्ये सांगतात, "आधी टायर बदला, मग बघू." नवा टायर घ्यायला माझी ना नाही. पण मूळ दुखणं तसंच राहिलं तर गाडी नवा टायरही आतून खाणार. या गाडीतून आई-बाबा आणि मुलं फिरतात, म्हणून मला कारण नक्की कळायला हवं आहे.

माहिती देते. गाडी हॅचबॅक आहे, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा). चारही टायर एकाच वेळी बसवलेले, एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे. हवा नेहमी सकाळी टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच भरते.

नक्षीची खोली मोजली आहे. पुढचा डावा: आत १.७, मध्ये ५.१, बाहेर ५.४ मिमी. पुढचा उजवा: आत ४.४, मध्ये ५.०, बाहेर ५.२. मागचे दोन्ही सहाच्या आसपास आणि सगळीकडे सारखे.

अलाइनमेंटच्या कागदावर डावा कॅम्बर (चाकाचा उभा झुकाव) उणे १.४ अंश, उजवा उणे ०.५. टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) दोन्हीकडे हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत. डावा कॅम्बर मात्र लाल, म्हणजे मर्यादेबाहेर. विचारलं तर म्हणाले, या गाडीत कॅम्बर ॲडजस्ट होत नाही, सोडून द्या.

गाडी सपाट रस्त्यावर किंचित उजवीकडे ओढते. जोरात ब्रेक लावला की स्टेअरिंगला हलका झटका बसतो आणि डावीकडून एक 'धप्प' आवाज येतो. सगळा दोष कॅम्बरचाच आहे का? टायर घेण्याआधी नेमकं काय तपासून घ्यावं? आणि तोवर गाडी वापरावी का?

*

लांबपल्ला: हवा कमी राहत असेल. गेज चुकीचा दाखवत असू शकतो, दुसऱ्या गेजने ताडून बघा. आणि टायर रोटेशन करून टाका, म्हणजे झीज सगळीकडे सारखी वाटली जाईल.

*

पाना_पक्कड: ताई, मोजमापं देऊन प्रश्न विचारलात, त्यामुळे बरंच सांगता येईल.

आधी लांबपल्ला यांच्या मुद्द्याबद्दल. गेज ताडून बघायला हरकत नाही, पण हवा कमी असली की टायर दोन्ही खांद्यांवर झिजतो, आतल्याही आणि बाहेरच्याही. हवा जास्त असली तर मध्ये झिजतो. इथे बाहेरचा खांदा शाबूत आहे, मध्यही शाबूत आहे. म्हणजे हवेचा हा प्रश्न नाही. आणि रोटेशन तर आत्ता अजिबात करू नका. हा झिजलेला टायर म्हणजे तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तो मागे गेला की पुढच्या चाकाचं दुखणं झाकलं जाईल आणि काही महिन्यांत दुसरा चांगला टायर तसाच होईल.

आता कॅम्बर. चाकाचा वरचा भाग आत झुकला की कॅम्बर उणे होतो आणि आतल्या खांद्यावर भार वाढतो. पण उणे १.४ हा आकडा एकट्याने टायर इतका खाईल असं मला वाटत नाही. त्याहून जास्त उणे कॅम्बर कारखान्यातूनच घेऊन येणाऱ्या गाड्या आहेत आणि त्यांचे टायर बऱ्यापैकी टिकतात. टायर भराभर खातो तो टो. वरून पाहिलं तर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत, तो टो. तो चुकला की चाक सरळ गडगडत नाही, प्रत्येक फेऱ्यात थोडं आडवं घासत जातं. कॅम्बरने भार आतल्या कडेवर आणला आणि टोने तीच कड घासली, असं दोघांनी मिळून झालं असावं.

तुम्ही म्हणाल, टो तर हिरवा आहे. तो हिरवा आहे गाडी रॅम्पवर उभी असताना. चालताना तो तसाच राहतो का, हे कागद सांगत नाही.

एक साधी परीक्षा करा. गाडी उभी, हँडब्रेक लावलेला. डाव्या टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. आतल्या कडेला तार उघडी पडलेली नाही हे आधी डोळ्यांनी बघा, नाहीतर हात कापेल. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं टोचतं का? तेच उजव्या टायरवरही करा. उजव्याचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे, का ते नंतर सांगतो.

गाडी वापरण्याबद्दल: खोबणींमध्ये जे छोटे उंचवटे असतात ती झीजेची खूण, तिची उंची १.६ मिमी. तुमची आतली कड तिथे टेकलीच आहे. ओल्या रस्त्यावर आणि महामार्गावर नेऊ नका. कापड किंवा तार दिसली तर गाडी जागची हलवू नका, स्टेपनी लावा. स्टेपनी बारीक आकाराची असेल तर तिच्यावर छापलेली वेगमर्यादा पाळा.

*

धागाकर्ती: मनापासून आभार, दादा. हात फिरवून पाहिला, तार उघडी नाही. डाव्यावर आतून बाहेर जाताना गुळगुळीत, बाहेरून आत येताना स्पष्ट टोचतं. उजव्यावरही तसंच आहे, पण फार कमी. डोळ्यांना दिसत नाही, हाताला जाणवतं.

*

पाना_पक्कड: हेच हवं होतं. बाहेरून आत येताना टोचणं म्हणजे टो-आउट, चाकांची पुढची तोंडं बाहेर फाकलेली. एका बाजूच्या जोडणीत दोष असला तरी सरळ रस्त्यावर स्टेअरिंग आपोआप थोडं फिरतं आणि तो टो दोन्ही पुढच्या चाकांत निम्मा-निम्मा वाटला जातो. म्हणून उजव्यालाही थोडी करवत आली. दोघांवर सारखं घासणं, पण डाव्याचा कॅम्बर जास्त उणे, म्हणून जास्त झीज डाव्याच्या आतल्या खांद्यावर. तुमचे आकडे याच्याशी जुळतात. उजवीकडे ओढण्याचंही जुळतं, कारण ज्या बाजूचा कॅम्बर कमी उणे असतो त्या बाजूला गाडी ओढली जाते.

उभ्या गाडीत टो बरोबर आणि चालताना टो-आउट, याचा सरळ अर्थ काहीतरी ढिलं आहे. ब्रेकच्या वेळचा झटका आणि धप्प आवाज जमेस धरला तर माझा पहिला संशय डाव्या लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) मागच्या बुशवर (जोडावरचं रबर). ते रबर फाटलं की ब्रेक लागताना सगळं चाक मागे सरकतं, टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) मात्र जागच्या जागी, त्यामुळे टो बदलतो. ब्रेक सोडला की चाक परत येतं. रॅम्पवर हे कुणाला दिसणार?

मिस्त्रीला तुमच्यासमोर तपासायला सांगा. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर हवी. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ (ढिलेपणा) जाणवला तर दोष बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाक यांच्यातला गोल सांधा) किंवा बेअरिंगचा. डावी-उजवीकडे धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर टाय रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा सांधा) किंवा स्टेअरिंग रॅकच्या आतला जॉइंट. पण बुश असं हाताने हलवून सापडत नाही. त्याला पहार लावून आर्म पुढे-मागे ढकलावा लागतो आणि टॉर्चच्या उजेडात रबराची चीर बघावी लागते. "हलवून बघितलं, सगळं टाइट आहे" एवढ्यावर परत येऊ नका.

*

घाटवाट: यात एक भर. कॅम्बर ॲडजस्ट होत नाही हे बऱ्याच मॅकफर्सन गाड्यांबाबत खरं आहे, पण म्हणून लाल आकडा सोडून द्यायचा नसतो. ॲडजस्ट होत नाही याचाच अर्थ तो आपोआप लाल होत नाही, काहीतरी वाकलंय, सरकलंय किंवा बसलंय. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. डावीकडे कमी भरलं तर स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे. अंतर सारखं असेल तर अलाइनमेंटवाल्याला स्टेअरिंग ॲक्सिस इन्क्लिनेशन (चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं तिचा झुकाव) मोजायला सांगा. बहुतेक मशिनवर हे मोजता येतं, पण मागितल्याशिवाय कुणी मोजत नाही. ते आणि कॅम्बर यांची बेरीज दोन्हीकडे सारखी आली तर सबफ्रेम (आर्म ज्यावर बसतात ती खालची चौकट) एका बाजूला सरकली असण्याची शक्यता. तशा वेळी डावा कॅम्बर जितका उणे गेला, साधारण तितकाच उजवा उलट दिशेने गेलेला दिसतो. बेरीज डावीकडे वेगळी आली तर स्ट्रट किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो धातूचा भाग) वाकलं आहे. मोठ्या खड्ड्यात चाक आदळल्यावर हे होतं आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

*

धागाकर्ती: गाडी दाखवून आणली. मिस्त्री आधी हलवून "टाइट आहे" म्हणाले. मी पहार लावून बघण्याचा आग्रह धरला. डाव्या आर्मचं मागचं बुश अर्ध्याहून अधिक फाटलेलं निघालं, आर्म सहज मागे-पुढे होत होता. बॉल जॉइंट आणि टाय रॉड ठीक आहेत. कमानीचं अंतर दोन्हीकडे सारखं आहे. घाटवाट यांनी सांगितलेलं माप अजून घेतलेलं नाही, बुश बदलल्यावर घेऊ का? आणि सध्या दोनच टायर घ्यायचे आहेत. ते पुढे लावायचे ना?

*

पाना_पक्कड: आग्रह धरलात ते फार चांगलं केलंत.

माप बुश बदलल्यावरच घ्या. फाटक्या बुशमुळे आर्म जागचा हललेला असेल तर कॅम्बरचा आकडाही थोडा फसवा असतो. उजवीकडचं बुशही तेवढंच जुनं आहे, शक्यतो दोन्ही बदला. एक गोष्ट मिस्त्रीला आवर्जून सांगा: बुशचा नट शेवटचा आवळताना गाडीचं वजन चाकांवर असायला हवं. चाकं लटकत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत हे हमखास राहून जातं. त्यानंतर अलाइनमेंट, आणि कागदावर आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे मागून घ्या. डावा कॅम्बर तरीही लाल राहिला तर घाटवाट यांनी सांगितलेल्या वाटेने जा. टो ठीक राहिला तर झीज बरीच मंदावेल, पण वाकलेला स्ट्रट किंवा नकल गाडीत ठेवू नये.

नवे दोन टायर मागे लावा आणि मागचे सहा मिमीवाले पुढे आणा. ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी सरळ जायला बघते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची पकड सुटली तर गाडी फिरते, आणि ती सावरणं सरावलेल्या चालकालाही अवघड जातं. पुढचा उजवा अजून बरा आहे, माप जुळत असेल तर स्टेपनी म्हणून ठेवा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बघूनच बसवा.

हजारेक किलोमीटर झाले की पुढच्या दोन्ही टायरची खोली त्याच तीन जागी मोजा आणि आकडे इथे टाका. आत आणि बाहेर सारखं कमी झालं असेल तर काम झालं. नसेल तर पुढचं शोधू.