मुलांना सॉरी म्हणायचं का? घरात दोन पक्ष पडलेत

दोन_पिल्लं:
नमस्कार, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगा पाच वर्षांचा आणि धाकटी अडीच. नवरा मुलांमध्ये छान रमतो पण संध्याकाळी दमून आला की कधीकधी आवाज चढतो, आणि चढला की थोड्या वेळाने स्वतःच जाऊन मुलाला जवळ घेऊन सॉरी म्हणतो. मला हे आवडतं. सासूबाईंना अजिबात पटत नाही, बापच पोरापुढे नमायला लागला तर उद्या तो ऐकणार कुणाचं, असं त्यांचं म्हणणं. मी ते हसण्यावारी नेत होते पण परवा मुलाने धाकटीचा ब्लॉक्सचा मनोरा लाथ मारून पाडला, ती भोकाड पसरून रडायला लागली, तर हा तिच्या डोक्यावरून हात फिरवत हुबेहूब बापाच्या सुरात, "सॉरी हं पिल्लू, आज ऑफिसचं खूप टेन्शन होतं." आम्ही हसून हसून लोळलो. मग त्याने दुसरा मनोराही पाडला आणि परत तेच वाक्य 😐
आता डोक्यात किडा वळवळतोय की हा यातून नेमकं काय शिकलाय? सॉरी म्हणणं बंद करायला सांगू का नवऱ्याला?

खडूस_आजोबा:
ऑफिसचं टेन्शन 😂😂 नातवाला माझा सलाम.
पण सासूबाईंना एकदम मोडीत काढू नका. नमण्याबिमण्याचं जाऊ द्या, पण रोज चिडायचं आणि रोज कुरवाळायचं यात पोराला बापाचा अंदाजच लागत नाही. माफीची सवय लागली की चिडण्याची लाज जाते, हे मोठ्यांचं पण होतंच की.
आमच्या वडिलांनी आयुष्यात कधी माफी मागितली नाही. मात्र ओरडले की तासाभराने गुपचूप येऊन माझ्या सायकलची पडलेली चेन बसवून द्यायचे. ती माफी होती हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं. तेव्हा शब्द हवेत, एवढं मी पण मान्य करतो.

बालवाडीवाली:
ताई, सॉरी बंद नका करू, त्याचं शेपूट कापा. मी दिवसभर याच वयाच्या पोरांत असते, ती सुटं वाक्य उचलत नाहीत, अख्खा सीन उचलतात. तुमच्या लेकाने बघितलंय काय, तर आधी भडकायचं, मग जवळ घ्यायचं, मग कारण सांगायचं की झालं मोकळं. त्याने अगदी तस्संच केलं, त्याच्या दृष्टीने तो शंभर टक्के बरोबर आहे.
बाबांनी एवढंच म्हणावं, "मी जोरात ओरडलो. तुला भीती वाटली असेल. मी असं ओरडायला नको होतं." बास. ऑफिस नको, आणि "पण तू पण ऐकत नव्हतास ना" हे तर नकोच नको, तिथे माफीचा खटला होतो. अजून एक बारकं सांगते, "राग गेला ना? मग पापी दे बघू" असं बरेच बाबा (आणि आया पण!) म्हणतात, म्हणजे ज्याने ओरडा खाल्ला त्यानेच आता मोठ्या माणसाला बरं वाटायला लावायचं. त्याला नसेल हसायचं तर नाही हसणार, थोडं थांबायचं.
आणि मुलाच्या मागे "सॉरी म्हण, सॉरी म्हण" करत लागू नका. मनोरा पाडलास ना, चल तिच्याबरोबर परत लावू, एवढं पुरतं. त्या दोन मिनिटांत तो शांतपणे ब्लॉक शोधून तिच्या हातात देतो की नाही ते बघा, तोंडच्या सॉरीपेक्षा त्यात जास्त कळतं.

रातकिडा:
वरच्या 'अख्खा सीन'ला अनुमोदन, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुराचं काम आठवलं. १९६१ चा बाहुलीचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो, मोठा माणूस हवेच्या बाहुलीला बडवतो आणि बघणारी मुलं पण तेच करतात. मला त्याचा १९६५ मधला पुढचा प्रयोग जास्त भारी वाटतो. त्यात काही मुलांना फिल्ममध्ये दाखवलं की बडवणाऱ्याला शेवटी शिक्षा झाली, त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर 'काय काय बघितलंस ते करून दाखव, बक्षीस देतो' म्हटल्यावर त्यांनी पण जवळपास बाकीच्यांइतकंच करून दाखवलं. म्हणजे शिकून सगळं झालेलं असतं, फक्त बाहेर आलेलं नसतं. तेव्हा आपल्यासमोर करत नाही म्हणजे शिकला नाही असं धरून चालू नये.
आणि खडूस आजोबांसाठी, १९७० च्या दशकात एड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने तान्ह्या बाळांवर काम केलं. आई छान खेळत असते, मग काही मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हातवारे करतं, आवाज काढतं, आणि काहीच उत्तर येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, रडतं. पण त्याच्याच कामातून हे पण पुढे आलं की रोजच्या नॉर्मल खेळण्यात आई आणि बाळ साधारण ३० टक्के वेळच एकमेकांच्या सुरात असतात, बाकी वेळ सूर जातो आणि परत जुळवला जातो. हे जुळवणं बाळाच्या वाढीसाठी मोलाचं असं त्याचं म्हणणं. म्हणून सॉरीला माझा फुल सपोर्ट, बाळबुद्धी मालिकांसारखं सतत गोड बोलणाऱ्या आईबापांवर माझा तसाही विश्वास नाही.

दोन_पिल्लं:
सगळ्यांचे आभार! नवऱ्याला वाचायला दिलं, आधी जरा फुगला, म्हणे आता माफी मागायची पण परीक्षा 😅 पण शेपटाचं पटलं. त्याचा प्रश्न असा की चिडल्यावर उठून दुसऱ्या खोलीत गेलं तर चालेल ना? की ते त्या निर्विकार चेहऱ्यासारखं होईल?

बालवाडीवाली:
सांगून गेलं तर चालेल. "मला राग यायला लागलाय, पाणी पिऊन येतो आणि मग बोलू" असं मोठ्याने म्हणायचं आणि खरंच परत यायचं. न बोलता दार आपटून गेलं, किंवा तासन् तास अबोला धरला, तर पोरगं एकटंच अंदाज बांधत बसतं की माझं काय चुकलं. उलट मला तर हे सॉरीपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं कारण यात मुलगा राग येताना बघतो आणि त्याचं काय करायचं ते पण बघतो. लगेच काही जमणार नाही त्याला, पाच वर्षांचं पोर आहे ते. आल्या आल्या मुलांनी अंगावर उड्या मारायच्या आधी बाबांना थोडं टेकायला मिळालं तर अर्धे प्रसंग तसेच टळतील.

खडूस_आजोबा:
टेकायला मिळालं पाहिजे याला शंभर अनुमोदन. आणि तेवढा वेळ फोन बाजूला, नाहीतर तो पण निर्विकार चेहराच.
या सगळ्यात त्या धाकटीचं कुणी बोललंच नाही हो. मनोरा तिचा पडला. भावाने गोड आवाजात सॉरी म्हटलं की सगळे हसतात आणि तिने पण हसायचं? तिला "पाडू नको, मला आवडत नाही" एवढं म्हणायला शिकवा, आणि ती म्हणाली की घरातल्या मोठ्यांनी हसायचं नाही.