आयबिस मॉडेलचे स्पाइसमध्ये रूपांतर करावे का?

वेर्ण्याहून:
नवा सर्किट बोर्ड आखताना आमच्या कचेरीत दर वेळी हा वाद निघतो: चिप-उत्पादकाने दिलेली बफरची (चिपच्या पिनवर सिग्नल देणाऱ्या-घेणाऱ्या सर्किटची) आयबिस फाइल स्पाइस या सिम्युलेटरच्या, म्हणजे संगणकावर सर्किट चालवून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मॉडेलमध्ये रूपांतरित करून वापरावी का? माझ्या मते वापरू नये. इंटेलच्या पुढाकाराने १९९३ साली आलेल्या आयबिस या पद्धतीचा हेतूच असा होता, की आतले ट्रान्झिस्टर न दाखवता बफरचे पिनवर दिसणारे वर्तन तक्त्यांत द्यावे. त्या तक्त्यांवरून पुन्हा सर्किट रचणे म्हणजे सावलीच्या मापाने अंगरखा बेतणे होय. तक्ते थेट वाचणारा सिम्युलेटरच घ्यावा.

फर्मागुडीहून:
सर, तशा सिम्युलेटरचा परवाना आम्हा विद्यार्थ्यांना परवडणारा नाही. एनजीस्पाइस हा स्पाइस सिम्युलेटर मोफत आहे आणि बोर्ड आखण्याच्या किकॅड या सॉफ्टवेअरच्या २०२३ सालच्या आवृत्ती ७ पासून आयबिस फाइलवरून त्याच्यासाठी मॉडेल तयार करता येते. शिवाय रूपांतरात गूढ असे काहीच नाही. पुल-अप (पिनला पुरवठ्याकडे ओढणारा भाग) आणि पुल-डाउन (ग्राउंडकडे ओढणारा भाग) यांच्या करंटला काळानुसार बदलणाऱ्या दोन गुणकांनी गुणायचे असते; ५० ओहमचा भार एकदा ग्राउंडला आणि एकदा पुरवठ्याला जोडून घेतलेली तरंगरूपे (पिनवरचे व्होल्टेज काळानुसार कसे बदलते, त्याचे तक्ते) फाइलमध्ये असली, तर प्रत्येक क्षणी दोन अज्ञातांसाठी दोन समीकरणे मिळतात आणि गुणक निश्चित होतात. महागडे सॉफ्टवेअरही मुळात हाच मार्ग धरते.

वेर्ण्याहून:
मार्ग तोच, पण खाचखळगे कोण सांभाळणार? आमच्या एका सहकाऱ्याने घरीच लिहिलेल्या स्क्रिप्टने रूपांतर केले आणि सिग्नलची चढण विनाकारण मंदावली. डायची (चिपमधल्या सिलिकॉनच्या तुकड्याची) धारिता, म्हणजे सी-कॉम्प, तरंगरूपाच्या तक्त्यात आधीच मुरलेली असते. तिच्यात जाणारा करंट हिशेबात न घेता तोच कपॅसिटर मॉडेलमध्ये पुन्हा जोडला, की तिचा परिणाम दोनदा मोजला जातो. पुल-अपचा तक्ता ग्राउंडपासून नव्हे, तर पुरवठ्यापासून मोजलेला असतो, हेही नवखा माणूस हमखास विसरतो. (मीही एकदा विसरलो होतो.)

म्हापशाहून:
दोघांनीही वेगाचा विचार केलेला नाही. तरंगरूपाचा तक्ता १० नॅनोसेकंदांचा असेल आणि बिट ५ नॅनोसेकंदांचा, तर सिग्नलची पहिली कडा (चढण किंवा उतरण) पूर्ण होण्याआधीच दुसरी सुरू होते. अशा वेळी काय करावे, हे तक्ता सांगत नाही. म्हणून थेट वाचणारे दोन सिम्युलेटरही वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात. तेव्हा दोष एकट्या रूपांतराच्या माथी मारणे योग्य नव्हे.

फर्मागुडीहून:
म्हणूनच रूपांतरित मॉडेल त्याच ५० ओहमच्या भारावर चालवून फाइलमधील तरंगरूपाशी ताडून पाहावे. सी-कॉम्पची चूक तेथेच उघडी पडते.

वेर्ण्याहून:
ती पडेल, हे मान्य. परंतु ज्या तरंगरूपावरून गुणक काढले, तेच पुन्हा मिळाले यात नवल काय? तेच मॉडेल ७५ ओहमच्या, टोकाला उघड्या असलेल्या लांब ट्रेसवर (बोर्डावरच्या तांब्याच्या वाटेवर) चालवा आणि प्रत्यक्ष बोर्डावरचे ऑसिलोस्कोपचे चित्र शेजारी ठेवा. मग मी माझे मत पुन्हा तपासेन.